खंडेनवमीला उपाशी राहिलेली टाकी

सोमवार, १ सप्टेंबर

आज कंपनीच्या बसमध्ये मी सगळ्यांसमोर गाणं म्हटलं. स्टोअरवाले मागे वळून वळून बघत होते. बघू देत.

झालं असं, की आमचे प्लँट मॅनेजर नागेंद्र सर यांनी दुपारी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावून सांगितलं, पुढच्या बॅचपासून कागद बंद. सगळ्या नोंदी टॅबलेटवर. आणि आठही ऑपरेटरांना शिकवणार कोण, तर शिवकन्या. म्हणजे मी! तीन वर्षांपूर्वी मी इथं काचेची भांडी धुवायला लागले होते, आणि आज सरांनी चारचौघांत माझं नाव घेतलं. माझे कान गरम झाले, ते अजून तसेच आहेत.

राजेश्वरला, म्हणजे आमच्या गावी, घरी येऊन आईला सांगितलं. आईला माझं काम काय ते नीट कळलेलं नाही, आणि चूक माझीच आहे. आम्ही संधिवाताचं इंजेक्शन बनवतो, ते औषध पोलादी टाकीतल्या जिवंत पेशी तयार करतात, आणि त्या पेशी मुळात हॅमस्टर नावाच्या चिनी उंदराच्या वंशाच्या, असं मी एकदा तिला सविस्तर समजावलं होतं. तेव्हापासून ती गल्लीत सांगत असते, आमची शिवकन्या हुमनाबादला उंदरांना जेवायला घालते.

मी म्हटलं, आता टॅबलेटवरून घालणार. आई म्हणाली, "मग घरूनच घाल की, बस कामून धरायलीस?"

गुरुवार, ४ सप्टेंबर

सॉफ्टवेअर आलं. त्याच्याबरोबर हैदराबादहून गिरिधर नावाचे इंजिनिअर आले. उंच आहेत, हळू बोलतात, चहात साखर घेत नाहीत.

मी आज गंमत म्हणून मागच्या एका बॅचचे सगळे कागद प्रयोगशाळेच्या काट्यावर ठेवले. दोन किलो शंभर ग्रॅम. एका बॅचला! टाकीचं तापमान, ढवळण्याचा वेग, पेशींना किती वाजता किती खाऊ दिला, कोणी दिला, कोणी पाहिलं, सगळं हातानं लिहायचं आणि खाली दोन दोन सह्या. एक ओळ खोडली तरी तारीख टाकून कारण लिहायचं.

आता टॅबलेट विचारतो, आपण उत्तर द्यायचं. वेळ तो स्वतः टाकतो, ती कुणाच्या बापाला बदलता येत नाही. आणि सगळ्यात भारी म्हणजे जुळी टाकी. आपल्या खऱ्या टाकीची हुबेहूब जुळी बहीण कॉम्प्युटरच्या आत चालू असते, आणि ती आधीच सांगते की सहा तासांनी पेशींना भूक लागणार आहे. मी गिरिधरांना सलग चाळीस प्रश्न विचारले. एकदाही वैतागले नाहीत. मोठ्या कंपनीत असं शिकवत असावेत.

मंगळवार, ९ सप्टेंबर

सात जण तरबेज झाले. राहिले वीरण्णा मामा.

मामा आमच्याकडचे सगळ्यात जुने. इथं औषध बनायच्या आधी दुसरा माल व्हायचा, तेव्हा ते पोती उतरवायला लागले आणि चढत चढत टाकीपर्यंत आले. बावीस वर्षं. टाकीला तळहात लावून ते सांगतात की आतला पंखा नीट फिरायलाय का. मागच्या वर्षी त्यांनी असंच पंखा बिघडल्याचं सांगितलं, आणि मीटर बोंबलायला लागलं त्यानंतर पाऊण तासानं. अशा माणसाला चार बटणं दाबायला जड जावीत? पण रोज काहीतरी निघतंच. सोमवारी चष्मा विसरले. आज चष्मा विसरले आणि वर डोळ्यांत पाणी येत होतं. शनिवारी म्हणाले, "तू वाच माय, मी ऐकतो. तुझा आवाज ग्वाड हाय."

मला वाटतं त्यांना पिराजींची आठवण येते. दोघांची जोडी होती. मामा करायचे आणि पिराजी लिहायचे, आणि खाली दोघं सह्या ठोकायचे. बावीस वर्षांत एक खाडाखोड नाही. जूनमध्ये पिराजी रिटायर होऊन मुलाकडे आळंदला गेले, आणि मामा एकटे पडले. एकटं माणूस हट्टी होतं.

गिरिधर आज परत आले. प्रिंटरची वायर द्यायला. हैदराबादहून! त्यांच्या कंपनीत पैसा फार दिसतो.

सोमवार, १५ सप्टेंबर

आजचा दिवस चांगला नाही. हेड ऑफिसचं पत्र आलं. पहिली बिनकागदी बॅच संपली, की चौदा ऑक्टोबरला विनीता मॅडम हैदराबादहून तपासणीला येणार. प्रत्येक ऑपरेटरनं त्यांच्यासमोर एकट्यानं, कुणाची मदत न घेता, एका पाळीच्या सगळ्या नोंदी करायच्या, म्हणजे अर्ध्या तासात पाळी चालवून दाखवायची. ज्याला जमणार नाही, त्याला दिवाळीनंतर काम नाही.

मामांची नोकरी दोन वर्षं उरली आहे. पत्र भिंतीवर लावलं तेव्हा ते समोर उभे राहून बराच वेळ बघत होते. मग मला विचारलं, "काय म्हणतंय गं?" मी म्हटलं, चष्मा? ते खिसे चाचपायला लागले.

मी ठरवलंय, हा प्रश्न मीच सोडवणार.

बुधवार, १७ सप्टेंबर

सोडवला! हुमनाबादच्या बाजारातून मामांसाठी वाचायचा चष्मा आणला. दोरीवाला, गळ्यात अडकवायचा, म्हणजे विसरायचा सवालच नाही. मामांनी तो हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि डोक्यावर हात ठेवला. एवढे भरून आले की मलाच कसंतरी झालं. नव्वद रुपयांच्या चष्म्यानं एवढं?

चष्मा लावून त्यांनी सगळी बटणं धडाधड बरोबर दाबली. डावीकडचं हिरवं, खालचं निळं, परत हिरवं. "आता झ्याक दिसायलंय," म्हणाले. मी किती हुशार आहे हे मला कधी कधी पटत नाही, पण आज पटलं.

शनिवार, २० सप्टेंबर

गिरिधरांनी सॉफ्टवेअर सुधारून दिलं. पडदा आता फार सुरेख दिसतो. हिरवं बटण उजवीकडे गेलंय, एवढाच फरक. आणि मामांनी सगळं चुकवलं! चष्मा नाकावर असताना! 'पुढे चला'च्या जागी 'रद्द करा' तीनदा दाबलं. मी जरा आवाज चढवून बोलले, मामा, समोर लिहिलंय की. त्यांनी टॅबलेट खाली ठेवला. टाकीजवळ जाऊन तळहात लावून उभे राहिले.

नंबर चुकीचा आणला की काय चष्म्याचा?

गुरुवार, २५ सप्टेंबर

बॅच सुरू झाली. एक नंबरच्या, पाचशे लिटरच्या टाकीत सकाळी दहा चाळीसला पेशी सोडल्या आणि एकही कागद नाही, एकही पेन नाही. मी सवयीनं खिशावर पेन चाचपलं आणि स्वतःशीच हसले. चौदा दिवस चालेल. रोज दुपारी दोन ते चारच्या मधे खाऊ द्यायचा. टॅबलेटवर माणसानं होकार दिला तरच पंप सुटतो. जुळी बहीण खूश आहे. मी तर विचारूच नका.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

काल लिहायला जमलं नाही. काल जे झालं ते क्रमानं लिहिते, नाहीतर हसता हसता रडायची वेळ येईल.

काल खंडेनवमी. आमच्याकडे या दिवशी हत्यारांची पूजा असते, कारखान्यात तर असतेच असते. पूजा दरवर्षी वीरण्णा मामा करतात. पूर्वी पाने, चिमटे, काटा आणि बॅचची फाइल नि पेन मांडायचे. यंदा मीच उत्साहानं म्हटलं, फाइल गेली, आता टॅबलेट मांडा. हो, मीच. चारही टॅबलेट बाहेरच्या व्हरांड्यात आणले. कुंकू आतल्या निर्जंतुक खोलीत गेलं तर अनर्थ, म्हणून प्रत्येकाला प्लास्टिकची पिशवी घातली आणि पिशवीवर कुंकू लावलं. झेंडू वाहिला, फाटकापाशी कोहळा फोडला. नागेंद्र सरांनी टॅबलेटला हात जोडले त्याचा फोटो माझ्याकडे आहे.

मग मामांनी चारही टॅबलेट कपाटात ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही. पूजेला बसलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, हे आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकत आलोय. पूर्वी टाकी चालू असायची, मामा वेळेवर खाऊ द्यायचे आणि नुसतं पेन विश्रांती घ्यायचं. त्या दिवसाच्या नोंदी पिराजी दसऱ्याला सकाळी लिहून टाकायचे. पण आता पेन आणि पंप एकच झालेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी पोरांना शिकवणारी! सगळ्यांना अर्धी सुट्टी होती, एक राखणदार ठेवून मी बाराच्या बसनं घरी आले.

तीन वाजता पुरणाची पोळी तोंडात आणि गिरिधरांचा फोन. ते सुट्टी असून हैदराबादला बसून आमच्या जुळ्या टाकीकडे बघत होते. म्हणाले, "शिवकन्या, तुमच्या पेशींना अजून जेवण का नाही? चार वाजता पंप लॉक होईल. साखर संपत आलीय." पोळी ताटातच सोडली. मामांना फोन लावला, ते हुमनाबादला घरी होते. म्हणाले, मी निघालो, तू पोच.

बस नव्हती. अंगणात बाबांची मोटारसायकल होती, पण तिलाही सकाळीच हार घालून, हँडलला केळीचं पान बांधून पूजलेलं. बाबा म्हणजे उद्धवराव, रीतीला फार पक्के. ते घुटमळले. "उद्याच्याला सकाळी सोडलं तर न्हाई का चालायचं?" तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"पोळ्याला बैल कामाला जुपत न्हाईत," ती म्हणाली, "पर उपाशी बी ठिवत न्हाईत. काढा गाडी."

बाबांनी गाडीला हात जोडले आणि किक मारली. मुंबई-हैदराबाद हमरस्त्यावरून आम्ही केळीचं पान फडफडवत सुटलो. झेंडूची फुलं सुटून माझ्या तोंडावर येत होती. एवढी भीती होती, तरी मला हसू आवरत नव्हतं. बाबा ओरडून विचारत होते, किती उंदीर हायत म्हणावं. मी म्हटलं, अब्जावधी. त्यांनी वेग वाढवला.

पोचलो तेव्हा चार वाजून वीस मिनिटं. पंप लॉक. मामा आधीच कपडे बदलून टाकीला हात लावून उभे. टॅबलेट पुसून, सरांची फोनवरून परवानगी घेऊन मी लॉक उघडलं. चार पस्तीसला खाऊ सुटला. पाचपर्यंत पेशी सावरल्या. एवढ्यानं संपायला हवं होतं.

पण टॅबलेटनं विचारलं, उशिराचं कारण लिहा. आणि वर दाखवलं की सकाळी अकरा पाचला, कुलूप लावायच्या आधी, सूचना आली होती, 'आज दोन वाजता टॅबलेट टाकीजवळ हवा', आणि वीरण्णा यांनी ती वाचून 'समजलं' दाबलं होतं. मी मामांकडे वळले. म्हटलं, मामा, तुम्ही वाचलं होतं?

मामांनी गळ्यातला चष्मा काढला, घडी घातली.

"माय, मला वाचाया येत न्हाई," ते म्हणाले. "सही येती. बाकी पिराजी."

मग मला एकदम सगळं दिसलं. डोळ्यांतलं पाणी, भिंतीवरचं पत्र, उजवीकडे गेलेलं बटण. मी त्यांना चष्मा आणून दिला होता. मी त्यांच्यावर आवाज चढवला होता. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

सरांचा फोन चालूच होता. ते म्हणाले, नेटवर्क गेलं होतं असं लिहून मोकळी हो. मामा म्हणाले, खरं ते ल्ही, माझं नाव घालून ल्ही. मी दोघांचंही ऐकलं नाही. लिहिलं, 'टॅबलेट पूजेला बसवले होते. सूचना वाचली गेली नाही.' कुणाकडून, ते लिहिलं नाही. हे खरं की अर्धं खरं, मला ठरवता येत नाही. आपट्याची पानं द्यायला आज मामा घरी आले होते. माझ्याच्यानं त्यांच्याकडे नीट बघवलं नाही.

रविवार, ५ ऑक्टोबर

चौदा तारखेपर्यंत मामांना वाचायला शिकवायचं, असं मी दोन दिवस मनावर घेतलं होतं. काल संध्याकाळी ते म्हणाले, "हे बघ, म्हातारा पोपट बोलत नसतोय." मी गिरिधरांना फोन करून सगळं सांगितलं आणि बजावलं की कुणाला कळता कामा नये. त्यांनी हो म्हटलं. मग म्हणाले, वाचता येत नाही, पण बोलता येतं ना?

त्यांच्याकडे नवीन सोय आलीय. टॅबलेट प्रश्न बोलून विचारतो, माणसानं बोलून उत्तर द्यायचं, तो लिहितो आणि परत ऐकवतो, माणूस बरोबर म्हणाला की पक्कं. मोठ्या कारखान्यांत हातमोजे घातलेल्या लोकांसाठी वापरायला लागलेत म्हणे. आम्ही घेतलेली नाही, पण महिनाभर चाचणीला मिळेल. हे हैदराबादहून बसल्या जागी सुरू करता येतं का, विचारलं. म्हणाले, नाही, यावंच लागेल. पाच दिवस राहावं लागेल.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, त्या पोराचं आडनाव काय. मी म्हटलं, आडनावाचा सॉफ्टवेअरशी काय संबंध?

शुक्रवार, १० ऑक्टोबर

बॅच काल उतरली. औषध भरपूर आणि चोख! एक जेवण उशिरा झालं, तरी पेशींनी मनात ठेवलं नाही.

मामा आणि टॅबलेट यांची मात्र जुंपली आहे. मामा एका वाक्यात मराठी, कन्नड आणि दखनी तिन्ही घालतात. पहिल्या दिवशी टॅबलेट नुसता दिवा लुकलुकवत बसला. गिरिधर रात्रंदिवस त्याला आमची बोली शिकवतायत. आज मामांनी सरावाला पहिल्यांदा पूर्ण पाळी बोलून चालवली. टॅबलेटनं शेवटी त्यांचं सगळं त्यांना वाचून दाखवलं, तेव्हा ते चकित होऊन म्हणाले, "हे तर मीच बोलायलोय."

पण चौदाला हे चालेल का? पत्रात लिहिलंय, कुणाची मदत न घेता. बोलणारा टॅबलेट ही मदत झाली का? सरांना विचारलं. ते म्हणाले, विनीता मॅडमनाच विचारा, आणि लगेच खोलीत गेले.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

विनीता मॅडम आल्या. बारीक, पांढरे केस, एकही शब्द जास्तीचा नाही. सकाळभर सात जणांनी नव्या बॅचच्या टाकीवर टॅबलेट वाचून, बटणं दाबून पाळी चालवली. सगळे पास. मग मॅडमनी पहिल्या बॅचचा इतिहास उघडला आणि बोट थेट एक ऑक्टोबरवर ठेवलं.

पूजेचं वाचून त्या हसल्या नाहीत. विचारलं, "सूचना वाचली गेली नाही. कोणी वाचली नाही?"

नागेंद्र सर छताकडे बघायला लागले. गिरिधरांनी माझ्याकडे बघितलं. आणि मामा मागच्या रांगेतून पुढे आले.

"म्या, म्याडम," ते म्हणाले. "मला वाचता येत न्हाई. बावीस वरसं मी करायलो आन् पिराजी लिहायलाता. ह्या पोरीचा त्यात दोष न्हाई. तिनं माझं नाव झाकलं, तेवढंच."

मला वाटलं, संपलं. मामांचं आणि माझंही. मॅडमनी वहीत आठवं नाव शोधलं. मग म्हणाल्या, पाळी तर चालवून दाखवा.

मी धीर करून सांगितलं की ते बोलून चालवणार आहेत, टॅबलेट विचारेल, माणूस कुणी सांगणार नाही. मॅडम म्हणाल्या, माणूस नाही ना, मग चालेल.

मामांनी गाऊन, टोपी, हातमोजे घातले आणि टाकीपुढे उभे राहिले. टॅबलेटनं नाव विचारलं. त्यांनी स्वतःचं, वडिलांचं आणि गावाचं सांगितलं. तापमान, वेग, वास, फेस, पंपाचा आवाज, एकेक विचारत गेला आणि मामा एकेक बघून, ऐकून, हात लावून सांगत गेले. एकदा टॅबलेटनं चुकीचा आकडा परत ऐकवला, तर मामा शांतपणे म्हणाले, न्हाई, पुन्यांदा ल्ही. चुकलेली ओळ खोडली गेली, कारणासकट नवीन लिहिली गेली. मॅडमनी आपल्या वहीत आठव्या नावापुढे बरोबरची खूण केली. मी ती बघितली.

मग टॅबलेटनं शेवटचा प्रश्न विचारला, तो सगळ्यांनाच विचारतो. आणखी काही शेरा? बाकीचे सात जण इथं 'नाही' म्हणून मोकळे झाले होते. मामा थांबले. म्हणाले, मला इचारलं व्हय? आम्ही मान हलवली.

आणि मामा बोलायला लागले. म्हणाले, फेसाचा वास दह्यासारखा आंबूस यायला लागला की समजावं दोन तासांत हवा कमी पडणार, मीटर उशिरा सांगतं. पंखा खालच्या अंगाला घासतो तो आवाज थंडीतच येतो, उन्हाळ्यात नाही, म्हणून उन्हाळ्यात मेकॅनिकला सापडत नाही. कुठला व्हॉल्व्ह पाव फेरी जास्त फिरवावा लागतो आणि कधीपासून. कुठल्या वर्षी कुठली बॅच का बिघडली, जे कुठल्याच फाइलीत नाही. गिरिधर उभ्या उभ्या लिहून घेत होते. नागेंद्र सर छताकडे बघायचं विसरले. मॅडमनी स्टूल ओढला आणि त्यावर बसल्या.

अकरा मिनिटांनी टॅबलेट टुणकन वाजला आणि लाल झाला. मामा थबकले. टॅबलेटकडे बघत मला विचारलं, "काय म्हणायलंय गं?"

मी म्हटलं, "मामा, शेऱ्याची जागा भरली म्हणायलंय."

मामांनी टाकीला टेकून हातमोजे नीट केले.

"वाढवाया सांग," ते म्हणाले. "मी थांबतो. अजून तीन नंबरच्या टाकीचं सांगायचंच ऱ्हायलंय."

मॅडम वळून म्हणाल्या, "गिरिधर, वाढवा."